हिशेब, रीत आणि चाचणी : नागोठण्याच्या परिसरातील शालेय गणिताचा पूर्वेतिहास

उच्च प्राथमिक वर्गांत, म्हणजे साधारणपणे पाचवी ते आठवी या इयत्तांत, चाचणीपूर्वी गणिताच्या उदाहरणांचा जो सराव करून घेतला जातो, तो वरवर पाहता शाळेच्या चार भिंतींआड सुरू होऊन तेथेच संपणारा व्यवहार वाटतो. परंतु त्या उदाहरणांतील अंक, मापे, व्याजाचे दर, मजुरांचे दिवस आणि पाण्याचे हौद यांचा माग काढत गेले, तर महसूल, व्यापार, नाणेव्यवस्था आणि परीक्षापद्धती अशा चार वेगवेगळ्या इतिहासांचे थर त्यांत एकावर एक साचलेले आढळतात. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पासून रायगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील, नागोठणे आणि त्याच्या दोन्ही अंगांचे पेण व रोहे हे तालुके या थरांच्या अभ्यासासाठी विशेष सोयीचे आहेत, कारण भात, मीठ, खाडीची वाहतूक आणि खारजमिनीचा सारा यांमुळे या पट्ट्यात हिशेबाची गरज फार जुनी आहे, आणि मराठी अंकगणिताच्या घडणीशी संबंध आलेल्या काही व्यक्तीही याच मुलखात जन्मल्या वा वाढल्या.

नागोठणे अंबा नदीच्या काठी, जेथपर्यंत भरतीचे पाणी पोचते अशा जागी वसलेले आहे. निजामशाहीच्या काळातील तेथील दगडी पूल घाटाकडून किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेचे महत्त्व आजही सांगतो. आणि रस्त्यांवर मोटारी येण्यापूर्वी धरमतरच्या खाडीतून मचवे व लहान गलबते भरतीवर आत येत, भात, लाकूडफाटा आणि इतर माल भरून ओहोटीवर परतत. या वाहतुकीत एक तोंडी गणित रोजच्या कामाचे होते. कोकण किनाऱ्यावर अमावास्येला आणि पौर्णिमेला बाराच्या सुमारास पूर्ण भरती येते व पुढे दररोज ती साधारण पाऊण तास मागे पडत जाते, म्हणून तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की त्या दिवसाच्या भरतीचा तास हाती येतो : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीत आत येताना पाण्याला लागणारा वेळ त्यात मिळवावा लागे, आणि तो अनुभवाने ठाऊक असे. शाळेची पायरी न चढलेल्या तांडेलालाही हा हिशेब येत असे. मात्र ज्याला पाऊणकी पाठ आहे त्याला तो क्षणात सुटे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पाऊणकी हा अपूर्णांकांच्या पाढ्यांपैकी एक. इंग्रजी अमलापूर्वीच्या आणि त्यानंतरही बराच काळ टिकून राहिलेल्या पंतोजीच्या शाळेत, म्हणजे एखाद्या ओसरीवर, देवळात किंवा सावकाराच्या पडवीत भरणाऱ्या एकशिक्षकी शाळेत, मुलगा धुळाक्षरे गिरवून झाली की अंकांकडे वळे. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून तीत काडीने आकडे काढायचे आणि हाताने सपाट करून पुन्हा काढायचे, अशी ही धूळपाटीची रीत होती. तीत केलेले काम टिकत नसे, म्हणून जे टिकवायचे ते स्मरणात टिकवावे लागे. संध्याकाळी मुले एकत्र बसून पाढे मोठ्याने म्हणत, त्याला परवचा म्हणत. पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे अनुक्रमे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे, त्यांत असत. सात औटे साडेचोवीस हे उत्तर मुलगा विचार न करता देत असे.

आजच्या वाचकाला या पाढ्यांची निवड विचित्र वाटण्याची शक्यता आहे. साडेतीनचा पाढा कोणाला आणि कशासाठी हवा, असे त्याला वाटेल. परंतु त्या काळच्या नाण्यांची व मापांची रचना पाहिली की ही निवड अत्यंत विचारपूर्वक झालेली दिसते. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै, म्हणजे एका रुपयाच्या १९२ पै होत. मणाचे ४० शेर, शेराचे ८० तोळे आणि खंडीचे २० मण असत. धान्य मापाने मोजताना ४ शेरांची पायली होई, आणि किती पायल्यांचा मण हे मात्र पेठेगणिक बदलत असे. नाणे सोळांच्या आणि वजन चाळिसांच्या पटीत असल्यामुळे दोहोंची गाठ घालताना अडीच हा अंक आपोआप पुढे येतो, कारण ४० ला १६ ने भागले की अडीच येतात. त्यातूनच मणाला जितके रुपये, अडीच शेरांना तितके आणे, हा आडाखा सिद्ध होतो. उदाहरणादाखल, तांदळाचा भाव मणास १४ रुपये असताना ३५ शेर घ्यायचे असतील, तर अडीच शेरांना १४ आणे आणि अडीचकीत चौदा वेळा अडीच म्हणजे ३५. तेव्हा चौदा चोक छप्पन्न अशा ओळखीच्या पायऱ्यांनी चौदा चौदे १९६ आणे, म्हणजे १२ रुपये ४ आणे. कागद नको, पेन्सिल नको, आणि गिऱ्हाईक उभे असतानाच उत्तर तयार.

पुढे इंग्रजी सरकारच्या जमीनमोजणीत ४० गुंठ्यांचा एकर आणि १६ आण्यांचा गुंठा हे कोष्टक रूढ झाले, तेव्हा तोच आडाखा जमिनीलाही लागू पडला : एकराला जितके रुपये आकार, म्हणजे सरकारी सारा, तितके आणे अडीच गुंठ्यांना. त्याआधीचे कोष्टक २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चाहूर असे होते, व त्यात वीस हा अंक प्रधान होता. गुंठा ३३ फूट लांब व तितकाच रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. ही संख्या मुलांना पाठ करावी लागे आणि ती पाठ असलेली वडीलधारी माणसे कोकणात अजूनही भेटतात. जुने पाढे नव्या मोजणीत असे सहज रुजले, यामुळेच पंतोजीची विद्या सरकारी शाळांच्या काळातही मागे पडली नाही.

या जुन्या व्यवस्थेत सराव होता, अफाट होता, पण चाचणी नव्हती. मुलगा तयार झाला की नाही, याचा निर्णय दुकानाची वही किंवा कुळकर्ण्याचे दप्तर देत असे. त्याचबरोबर ही विद्या कोणाला मिळत होती, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे : लिहिण्या-हिशेबाच्या व्यवसायांत असलेल्या ब्राह्मण, प्रभू, वाणी अशा जातींची मुलेच प्रामुख्याने तेथे बसत; आगरी, कोळी, कुणबी, महार, कातकरी यांची मुले आणि सर्वच जातींच्या मुली बहुधा त्या ओसरीच्या बाहेर होत्या. मिठागरात आणि भाताच्या खाचरात राबणारा माणूस एका बाजूला आणि त्याच्या घामाचा हिशेब लिहिणारा दुसऱ्या बाजूला, अशी ही विभागणी होती; तोंडी गणिताच्या त्या विलक्षण चपळाईचे कौतुक करताना तिची ही दुसरी बाजू विसरता येत नाही.

शास्त्रीय गणिताची परंपरा महाराष्ट्रात याहून वेगळ्या वाटेने चालत आली होती. भास्कराचार्यांची लीलावती ११५० च्या सुमारास लिहिली गेली, आणि त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळील पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. लीलावतीतील त्रैराशिक, म्हणजे तीन ज्ञात राशींवरून चौथी काढण्याची रीत, तसेच पाच राशींचे पंचराशिक आणि एक राशी वाढली की दुसरी घटते अशा प्रसंगी वापरायचे व्यस्त त्रैराशिक, हे सारे आज सातवी-आठवीच्या पुस्तकात समचलन व व्यस्तचलन या नावांखाली येते. तथापि लीलावती संस्कृत जाणणाऱ्या ज्योतिषी-पंडितांची होती. गावच्या पंतोजीपर्यंत तिच्यातील रीती पोचल्या त्या सुट्या, कारणमीमांसेवाचून.

छापील मराठी गणिताचा आरंभ मुंबईत झाला. १८२२ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या हैंद शाळा आणि शाळापुस्तक मंडळीने देशी भाषांत पाठ्यपुस्तके तयार करण्याचे काम हाती घेतले. लष्करातील अभियंते जॉर्ज जर्विस यांच्या देखरेखीखाली आणि जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्यासारख्या शास्त्र्यांच्या साहाय्याने इंग्रजी गणितग्रंथांच्या आधारे मराठी पुस्तके सिद्ध झाली, आणि १८२६ मध्ये मंडळीने शिकवून तयार केलेले शिक्षक जिल्ह्यांत पाठवले गेले. याच मंडळीचे एतद्देशीय चिटणीस सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे यांच्याकडे त्यांचा एक पोरका पुतण्या मुंबईस वाढत होता. तो म्हणजे अलिबागजवळील नागाव येथे १८२५ मध्ये जन्मलेला केरो लक्ष्मण छत्रे, पुढे केरूनाना म्हणून महाराष्ट्रभर प्रसिद्ध झालेले गणिती. एल्फिन्स्टन संस्थेत प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली शिकून ते मुंबईतील कुलाब्याच्या वेधशाळेत लागले, पुढे पुण्यास गणिताचे अध्यापक झाले, आणि डेक्कन कॉलेजात त्यांच्या विद्यार्थ्यांत बाळ गंगाधर टिळकांचा समावेश होता. त्यांनी मराठी शाळांसाठी लिहिलेले अंकगणित दीर्घकाळ वापरात राहिले.

केरूनानांसारख्यांच्या पुस्तकांनी केलेला बदल मूलगामी होता. आधी व्याख्या, मग रीत, मग सोडवून दाखवलेले उदाहरण आणि अखेरीस उदाहरणांची लांबलचक रांग, हा छापील क्रम तेव्हा रूढ झाला आणि आजच्या पाठ्यपुस्तकातील सरावसंचापर्यंत तो अखंड चालत आला आहे. पंतोजीकडे तीच माहिती होती, परंतु ती एका माणसाच्या मुखात होती आणि तो देईल त्यालाच मिळे. पुस्तकातील रीत ज्याच्या हाती पुस्तक आहे त्या कोणाचीही होऊ शकत होती. त्रैराशिक मांडताना कोणती राशी कोठे लिहायची, उत्तराला कोणते एकक लावायचे, नऊचा ताळा घेऊन गुणाकार कसा पडताळायचा, हे शब्दांत लिहून ठेवले गेल्यामुळे ज्याच्या घरी पिढ्यान्पिढ्या हिशेब नव्हता, त्या मुलालाही आत शिरायला एक दार मिळाले. जुन्या तोंडी कौशल्याच्या ऱ्हासाबद्दल हळहळ व्यक्त करणाऱ्यांनी हा लाभ अनेकदा पुरेसा मोजलेला नाही.

चाचणी मात्र आली ती सरकारी खात्यामुळे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये विद्याखाते स्थापन झाले, शाळांना इयत्तावार अभ्यासक्रम ठरवून दिले गेले आणि वर्षातून एकदा येणारा डेप्युटी इन्स्पेक्टर, ज्याला गावात दिपोटी म्हणत, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणित या विषयांत परीक्षा घेऊ लागला. खासगी शाळांना तर १८६५ च्या सुमारापासून उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर अनुदान देण्याची पद्धत लागू झाली. परिणाम स्पष्ट होता : मुलाला हिशेब यावा एवढेच आता पुरे नव्हते, तो ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पद्धतीने, अनोळखी माणसासमोर यावा लागत होता. दिपोटीच्या फेरीपूर्वी काही आठवडे शाळेत फक्त उदाहरणे घोटून घेण्याची प्रथा याच काळातली, आणि आजच्या चाचणीपूर्व सरावाचे मूळ तेथे आहे.

या व्यवस्थेच्या मोजमापाविषयी सर्वांत भेदक विचार जोतीराव फुल्यांनी मांडला. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली आणि अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब व शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे असे सुचवले. हिशेबाचा त्यांचा आग्रह केवळ व्यवहारोपयोगाचा नव्हता. दख्खनमध्ये १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व रोखे जाळले होते, आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला होता; व्याज कसे चढते हे न समजल्यामुळे कुळ कसे बुडते, हे त्या वेळच्या प्रत्येक विचारी माणसापुढे होते. सरळव्याज आणि चक्रवाढव्याज ही उच्च प्राथमिक वर्गातील प्रकरणे या दृष्टीने पाहिली, तर ती अभ्यासक्रमातील सर्वांत गंभीर प्रकरणे ठरतात. दरमहा दर शेकडा दोन रुपये हा दर वर्षाला शेकडा चोवीस होतो आणि व्याज मुद्दलात मिळत गेले तर त्याहूनही अधिक होतो, हे स्वतः कागदावर मांडून पाहिलेल्या मुलाला फसवणे अवघड असते.

मराठी सातव्या इयत्तेच्या अखेरीस व्हर्नाक्युलर फायनल ही परीक्षा असे. ती उत्तीर्ण होणारा प्राथमिक शिक्षक, तलाठी किंवा कारकून होऊ शके, म्हणून ग्रामीण भागात तिचा मान फार मोठा होता आणि तिच्यातील अंकगणिताची धास्तीही तेवढीच होती. व्यवहारी अपूर्णांकांची बहुमजली पदावली, लसावि आणि मसावि, म्हणजे लघुतम साधारण विभाज्य व महत्तम साधारण विभाजक, नफा-तोटा, भागीदारी, काळ-काम-वेग आणि क्षेत्रफळ हे विषय तीत येत. पदावली सोडवताना कोणती क्रिया आधी करायची हे लक्षात राहावे म्हणून कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी यांच्या आद्याक्षरांनी बनलेले कंचेभागुबेव हे सूत्र मराठी शाळांत प्रचलित झाले. त्याचा अर्थ विसरलेल्यांनाही ते विसरता येत नाही.

या उदाहरणांचे विषय मात्र हळूहळू परिसरापासून दूर गेले. इंग्रजी पुस्तकांतून आलेले हौद भरणारे आणि रिकामे करणारे नळ, भिंतींना लावायचा कागद, समोरासमोरून येणाऱ्या आगगाड्या यांनी पाने भरली. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली, पण नागोठण्याच्या बाजूने आपटा-रोहे मार्ग झाला तो १९८० च्या दशकात. दरम्यानच्या शतकाहून अधिक काळात अंबेच्या काठची मुले न पाहिलेल्या गाड्यांची लांबी आणि पूल ओलांडण्याचा वेळ काढत राहिली. प्रवाहाच्या दिशेने आणि प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावेचे उदाहरणही पुस्तकात असे, परंतु त्यातील प्रवाहाचा वेग स्थिर धरलेला असे, आणि ज्यांच्या दारातले पाणी दिवसातून दोनदा दिशा बदलते त्या मुलांना हे गृहीतक आपल्या खाडीशी ताडून पाहण्याची संधी कोणी दिली नाही. तिथीची पाऊणकी कोणत्याही इयत्तेच्या पुस्तकात आली नाही. शालेय गणिताच्या इतिहासातील ही मोठी हुकलेली संधी होय, कारण ज्या मुलांना हे पाणी घरातूनच ठाऊक होते, त्यांची शाळेत अडाणी म्हणून गणना होत होती.

यानंतरचा सर्वांत मोठा बदल शाळेतून आलाच नाही, तो टांकसाळीतून आणि संसदेतून आला. १९५५ मध्ये भारतीय नाणे कायद्यात दुरुस्ती होऊन रुपयाचे १०० भाग करण्याचे ठरले, आणि १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे व्यवहारात आले. ही दुरुस्ती झाली तेव्हा अर्थमंत्रिपदी चिंतामण द्वारकानाथ देशमुख होते. त्यांचा जन्म १८९६ मध्ये महाडजवळील नाते येथे झाला, घराणे रोह्याचे, आणि शिक्षणाचा आरंभ रोहे-तळे याच परिसरात झाला. म्हणजे आणे-पैंचे कोष्टक पाठ करून जो विद्यार्थी पुढे गेला, त्याच्याच कारकिर्दीत ते कोष्टक इतिहासजमा करण्याचा निर्णय झाला. पाठोपाठ १९५६ च्या वजन-मापे कायद्यान्वये १९५८ पासून मेट्रिक पद्धती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १९६२ पर्यंत शेर-मण व्यापारातून कायद्याने हद्दपार झाले. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, मण म्हणजे ३७ किलोग्रॅमहून थोडा अधिक. आणि एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, हा अपूर्णांक नाण्यांत देता येत नसल्यामुळे एका आण्याचे ६, दोहोंचे १२, तिहींचे १९ आणि चोहोंचे २५ अशी कोष्टके दुकानांत आणि वर्गांत टांगावी लागली.

त्या काही वर्षांत शिकलेल्या पिढीने दोन्ही पद्धतींतील रूपांतराची उदाहरणे सोडवली, आणि सरावाचा भार तेव्हा दुप्पट झाला. पुढच्या पिढीचा मात्र तो निम्म्याहून कमी झाला. मिश्र एककांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांवर पूर्वी वर्षाचा मोठा भाग जात असे, तो वाचला. दशांश चिन्ह योग्य जागी दिले की काम भागू लागले. त्याच वेळी अडीचकी आणि औटकीचा पायाच निघून गेला, कारण चाळीस आणि सोळा यांची गाठ उरली नाही. पाव, अर्धा, पाऊण टिकले, कारण ते शंभरातही बसतात. बाकीचे पाढे काही शाळांत सवयीने म्हटले जात राहिले आणि मग थांबले. त्यांच्यासाठी केवळ स्मरणरंजन करण्यात अर्थ नाही. तोंडी आकडेमोडीचे जे वळण त्यांनी लावले होते त्याची जागा घेईल असे दुसरे काही अभ्यासक्रमाने दिले नाही, हे मात्र खरे नुकसान आहे. जमिनीच्या बाबतीत तर आजही दोन भाषा चालतात : सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, घरातले बोलणे गुंठ्यांत होते, आणि एक गुंठा जवळपास एक आर, म्हणजे शंभर चौरस मीटर, भरतो ही सोयीची गोष्ट क्षेत्रफळाच्या प्रकरणात क्वचितच सांगितली जाते.

१९५४-५५ पासून राज्यात चौथी व सातवीसाठी शिष्यवृत्ती परीक्षा सुरू झाली, आणि २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीला घेतली जाऊ लागली. हुशार पण गरीब मुलासाठी ती खरोखरच एक आधार होती. शाळा सुटल्यावर कंदिलाच्या उजेडात जादा तास घेणारे शिक्षक कोकणातील अनेक गावांनी पाहिले आहेत, आणि त्यांनी त्यासाठी एक पैसाही घेतला नाही. परंतु बहुपर्यायी प्रश्नांचे स्वरूप आल्यावर सरावाची जातच बदलली. पूर्वी रीत पूर्ण लिहिली नाही तर गुण कापले जात. येथे रीत कोणी पाहत नव्हते आणि वेळ मोजून दिलेला होता, म्हणून पर्याय उलटे घालून पाहणे, एकक स्थानच्या अंकावरून चुकीची उत्तरे बाद करणे असे शीघ्रमार्ग शिकवले जाऊ लागले. गंमत अशी की ही कौशल्ये पंतोजीच्या आडाख्यांच्या जवळची होती. वर्गातील चाचणी मात्र पायऱ्या मागत राहिली. एकाच मुलाला एकाच प्रकरणाचा दोन प्रकारे सराव करावा लागणे, ही स्थिती तेव्हापासूनची आहे.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन होऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. १९६७ मध्ये पुण्यास महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, म्हणजेच बालभारती, स्थापन होऊन राज्यभर एकच पुस्तक झाले. सहामाही आणि वार्षिक परीक्षांच्या मधे घटक चाचणी, म्हणजे एकेका घटकावर घेतलेली छोटी लेखी परीक्षा, रूढ झाली, आणि उदाहरणांचा सराव वर्षभर विभागला गेला. २०१० मध्ये शिक्षणहक्क कायदा अमलात आल्यावर राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले : पाचवी-सहावीत निम्मे गुण आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय, चाचणी अशा चालू कामाला, आणि निम्मे सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाला, सातवी-आठवीत हे प्रमाण चाळीस आणि साठ. तोंडी काम पुन्हा गुणपत्रकात आले, ही या योजनेतील अत्यंत स्वागतार्ह गोष्ट होती. प्रत्यक्षात नोंदी भरण्याचे ओझे शिक्षकावर एवढे पडले की तोंडी काम अनेक ठिकाणी रकान्यापुरते उरले.

नागोठण्यापुरता आणखी एक बदल नोंदवला पाहिजे. १९९० च्या सुमारास तेथे पेट्रोकेमिकल संकुल उभे राहिले, देशाच्या निरनिराळ्या भागांतून कामगार-अभियंते आले, आणि इंग्रजी माध्यमाची ओढ परिसरात वाढली. त्याचा पुढचा टप्पा म्हणजे सेमी इंग्रजी : इतर विषय मराठीत आणि गणित-विज्ञान इंग्रजीत. त्यामुळे एकाच घरातील आजोबांचे आणे-शेर, वडिलांचे लसावि-मसावि आणि नातीचे एलसीएम-एचसीएफ अशा तीन परिभाषा एका पिढीआड एक आल्या, आणि चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मुलाला मदत करण्याची घरातल्या वडीलधाऱ्यांची क्षमता प्रत्येक वेळी थोडी कमी झाली. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी सातवीत पोचले आहे, तेथे ती मुळातच नव्हती.

पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये विनायक नरहर भावे, म्हणजे विनोबा, यांचा जन्म झाला, आणि गणित हा त्यांचा आयुष्यभराचा आवडता विषय होता. भूदानाच्या काळात जमिनीच्या वाटणीचा विचार ते नेहमी आकड्यांत मांडत. याच गागोद्याच्या आसपासच्या डोंगरांत आणि नागोठण्याच्या वरच्या अंगाला कातकरी वाड्या आहेत. त्यांतील अनेक कुटुंबे भातकापणी आटोपली की वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. म्हणजे शाळेचे जवळजवळ संपूर्ण दुसरे सत्र, ज्यात शेकडेवारी, व्याज, प्रमाण, क्षेत्रफळ ही प्रकरणे येतात, मुले वर्गाबाहेर असतात. भट्टीमालकाकडून घेतलेली उचल, हजार विटांमागे ठरलेली मजुरी आणि हंगामाअखेरचा हिशेब यांत नेमकी हीच प्रकरणे लागतात. हंगामी वसतिगृहे आणि स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून दिले जाणारे शिक्षण हमी कार्ड या योजना त्यासाठीच आहेत, आणि जेथे एखादा शिक्षक त्यांच्या मागे लागतो तेथे त्या चालतात.

२०२३ मध्ये राज्याने नियम बदलून पाचवी आणि आठवीच्या अखेरीस पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. अनुत्तीर्ण मुलाला पूरक मार्गदर्शन व फेरपरीक्षा, आणि तीतही अपयश आले तर त्याच वर्गात पुन्हा एक वर्ष, असे तिचे स्वरूप आहे. ही परीक्षा दुसऱ्या सत्राच्या शेवटी येते, म्हणजे भट्ट्या अजून पेटलेल्या असतात तेव्हा.